औषधोपचार सुरू असताना घरात प्राणी आणावा का?

प्रश्न : माझे वय 43 आहे. दोन वर्षांपासून मी नैराश्यावर उपचार घेत आहे. गोळ्या सुरू आहेत, महिन्यातून दोनदा समुपदेशकांकडे जाते आणि पूर्वीपेक्षा मला बरे वाटते. तरीही अधूनमधून असे काही दिवस येतात की अंथरुणातून उठणे, अंघोळ करणे, कोणाचा फोन घेणे, यांतले काहीच होत नाही. मुलगा शिक्षणासाठी दूर राहतो आणि यजमान कामानिमित्त आठवड्यातील चार-पाच दिवस बाहेरगावी असतात. वाढदिवसाला मला कुत्र्याचे पिल्लू आणून द्यायचे, असे धाकट्या बहिणीने मनावर घेतले आहे. ‘प्राण्याच्या मायेने तुझ्या गोळ्याही सुटतील,’ असे ती म्हणते. मला प्राणी आवडतात. लहानपणी आमच्याकडे एक मांजर होती. ती गेली तेव्हा मी कित्येक दिवस रडत होते आणि ‘मांजरासाठी कोणी एवढे रडते का’ म्हणून घरचे रागावले होते. त्यामुळे भीतीही वाटते. प्राण्यामुळे मन खरोखर सावरते का? गोळ्या बंद करता येतील का? माझ्या वाईट दिवसांत त्या मुक्या जिवाचे हाल झाले तर? आणि तो गेला तर मी पुन्हा कोसळणार नाही ना?

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या चार प्रश्नांपैकी गोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत आधी आणि निःसंदिग्धपणे देते, कारण तेथे चूक झाली तर बाकीच्या सल्ल्याला काही अर्थ उरणार नाही. घरात प्राणी येणार आहे किंवा आला आहे, एवढ्या कारणावरून गोळ्या बंद करू नका, कमी करू नका आणि एक दिवसाआडही घेऊ नका. नैराश्यावरील औषधे एकाएकी थांबवली तर चक्कर येणे, मळमळणे, झोप उडणे, अकारण चिडचिड होणे, अंगातून विजेचा बारीक झटका गेल्यासारखे वाटणे असा त्रास काही दिवसांतच सुरू होऊ शकतो आणि मूळ आजार उलटण्याची शक्यता वाढते ती वेगळीच. औषध कमी करण्याची वेळ येते तेव्हा मनोविकारतज्ज्ञ ते टप्प्याटप्प्याने, तुमच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून करतात. तुमच्या बहिणीचा हेतू मायेचा आहे, यात मला शंका नाही. परंतु एखाद्या पिल्लाने तुमच्या गोळ्या सोडवाव्यात, अशी अपेक्षा ठेवणे पिल्लावरही अन्यायाचे आहे आणि तुमच्यावरही. कारण गोळ्या सुटल्या नाहीत तर तो दोष तुम्ही स्वतःकडेच घ्याल, आणि दोष स्वतःकडे ओढून घेणे हे या आजाराचेच एक लक्षण आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्राण्यामुळे मन सावरायला मदत होते का? होते, आणि ही समजूत आजकालची नाही. इंग्लंडमधील यॉर्क येथे 1796 साली विल्यम ट्यूक यांच्या पुढाकाराने मनोरुग्णांसाठी एक निवासी संस्था सुरू झाली. अशा रुग्णांना इतरत्र साखळदंडांनी बांधून ठेवले जात असताना या संस्थेच्या आवारात ससे, कोंबड्या असे लहान प्राणी-पक्षी ठेवलेले असत आणि रुग्णांनी त्यांच्यात रमावे, असा प्रयत्न केला जाई. पुढे अमेरिकेतील बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे मिटून गेलेला एक मुलगा उपचारांसाठी आला असता, तो मोठ्या माणसांऐवजी त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याशी आधी मोकळा झाला. लेव्हिन्सन यांनी 1962 साली हा अनुभव लिहून प्रसिद्ध केला आणि उपचारांत प्राण्यांची मदत घेण्याच्या पद्धतीचा शास्त्रीय विचार तेव्हापासून गांभीर्याने होऊ लागला.

त्यानंतरच्या संशोधनात शरीरातील बदल मोजले गेले. दक्षिण आफ्रिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, माणूस कुत्र्याला शांतपणे कुरवाळतो तेव्हा दोघांच्याही रक्तातील ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी निगडित संप्रेरक वाढते, तर माणसाच्या रक्तातील कॉर्टिसॉल हे ताणाशी निगडित संप्रेरक कमी होते. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात 2019 साली 249 विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. त्यात काही विद्यार्थ्यांना 10 मिनिटे कुत्र्या-मांजरांना प्रत्यक्ष कुरवाळू दिले, काहींना इतरांना कुरवाळताना नुसते पाहत ठेवले, काहींना त्याच प्राण्यांची छायाचित्रे दाखवली आणि उरलेल्यांना केवळ थांबायला सांगितले. कॉर्टिसॉल सर्वांत कमी आढळले ते ज्यांच्या हाताला प्राण्याचा स्पर्श झाला त्यांच्यात. म्हणजे नुसत्या दर्शनापेक्षा स्पर्शाचे काम मोठे आहे. माणसाच्या स्पर्शाची सवय ज्यांच्या आयुष्यातून हळूहळू निघून गेली आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र हा परिणाम त्या-त्या वेळेपुरता असतो. दहा मिनिटांच्या कुरवाळण्याने दोन वर्षांचे नैराश्य ओसरत नाही. तुमच्यासारख्या परिस्थितीत प्राण्याचा खरा आधार मिळतो तो दुसऱ्याच वाटेने, आणि सल्ला मागणाऱ्यांना ही वाट सहसा कोणी दाखवत नाही. नैराश्यात आपण मन तयार होण्याची वाट पाहत बसतो : बरे वाटले की उठेन, उत्साह आला की अंघोळ करेन. तो उत्साह येतच नाही. म्हणून समुपदेशक उलटा क्रम शिकवतात. आधी छोटीशी कृती करायची, मन मागाहून येते. तुमच्या समुपदेशकांनीही तुम्हाला असे काही सांगितले असेल. अडचण अशी की, ती कृती करण्याचा धक्काही स्वतःलाच द्यावा लागतो आणि नेमकी तीच शक्ती आजाराने हिरावून घेतलेली असते. भुकेला प्राणी हा धक्का बाहेरून देतो, तोही रागावून नव्हे आणि उपदेश करून तर नव्हेच.

माझ्याकडे येत असलेल्या एका बाईंनी मला त्यांची सकाळ सांगितली होती. ती कोणाची, हे कळणार नाही अशा बेताने येथे लिहिते. त्यांची मांजर उजाडता उजाडता पलंगावर चढून त्यांच्या उशाशी बसत असे. ओरडत नसे, फक्त एक पंजा, नखे आत घेऊन, त्यांच्या गालावर ठेवत असे, आणि त्यांनी कूस बदलली की पलीकडे जाऊन पुन्हा तेच. बाई केवळ तिच्या वाटीत खाणे घालण्यासाठी उठत आणि परत झोपायचे असे ठरवूनच उठत. पण स्वयंपाकघरात गेल्यावर दिवा लावला जाई, मांजरीचे पाणी बदलताना स्वतःही पेलाभर पाणी प्यायले जाई, आणि मांजरीच्या खाण्याच्या डब्याशेजारी त्यांनी मुद्दाम आपल्या गोळ्यांचा घट्ट झाकणाचा डबा ठेवलेला असल्यामुळे सकाळची गोळीही घेतली जाई. काही दिवस त्या खरोखरच परत जाऊन झोपत. काही दिवस मात्र झोपत नसत. त्या म्हणाल्या, ‘मी बरी झाले म्हणून उठत नव्हते, तिला भूक लागली म्हणून उठत होते.’ औषध चुकू न देण्यात त्या मांजरीचा वाटा होता, असे मी खात्रीने म्हणेन. प्राणी आणि गोळ्या यांचे नाते हे असे असावे.

कोणाला तरी आपली गरज आहे, ही जाणीव या सगळ्याच्या मुळाशी आहे, आणि त्यासाठी प्राणी मोठा किंवा लडिवाळच असावा लागतो असेही नाही. दक्षिण कोरियात 65 वर्षांवरील 94 व्यक्तींवर एक प्रयोग झाला आणि 2016 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी काहींना पिंजऱ्यात रातकिडे देऊन आठ आठवडे त्यांची निगा राखायला सांगितले होते. या मंडळींच्या नैराश्याच्या लक्षणांत, रातकिडे न मिळालेल्यांच्या तुलनेत, थोडी पण मोजता येईल इतकी घट झाली. रातकिडा काही मांडीवर येऊन बसत नाही. तरीही रोज कोणाचे तरी खाणेपिणे पाहायचे आहे, एवढ्याने फरक पडला. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ मानसिक आजार असलेल्या 54 व्यक्तींना आपल्या आयुष्यातील आधार वर्तुळांत मांडायला सांगितले, तेव्हा त्यांतील 25 जणांनी पाळीव प्राण्याचे नाव घेतले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी त्याला अगदी आतल्या वर्तुळात, जवळच्या माणसांच्या बरोबरीने जागा दिली. प्राणी आजाराविषयी काही विचारत नाही, ‘अजून बरी झाली नाहीस का’ असे म्हणत नाही आणि काल तुम्ही कशा वागलात ते आज काढत नाही. आजाराची लाज वाटणाऱ्या माणसाला हे किती मोठे आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे.

याची दुसरी बाजू तुमच्यापासून लपवून ठेवणे बरोबर होणार नाही. प्राणी पाळणारे लोक न पाळणाऱ्यांपेक्षा सरसकट अधिक सुखी असतात, असे दिसून आलेले नाही. काही अभ्यासांत ते अधिक निरोगी आढळतात, पण जे मुळातच धडधाकट, स्थिरस्थावर आहेत तेच प्राणी पाळायला धजतात, असेही त्यामागचे कारण असू शकते. ऑस्ट्रेलियात 60 ते 64 या वयाच्या अडीच हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत प्राणी पाळणाऱ्यांमध्ये नैराश्याची लक्षणे उलट अधिक आढळली आणि प्राण्याची निगा राखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांची प्रकृतीही तुलनेने खालावलेली दिसली. प्राण्यानेच त्यांना आजारी केले, असा अर्थ यातून काढता येत नाही. पण प्राणी आणला की मन आपोआप सुधारते, असाही काढता येत नाही. प्राण्याचा आधार वाटतो की ओझे होते, हे पुष्कळसे त्याच्या निगराणीत आणखी कोणाचा हात आहे, यावर ठरते.

म्हणून मी आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते. तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. स्वतःच्या दुखण्याने थकलेली असतानाही जी व्यक्ती अजून घरात न आलेल्या जिवाच्या हालांचा विचार करते, तिच्या हातून त्याची हेळसांड होण्याची भीती मला कमी वाटते. तरी भीती खोटी नाही. तिच्यावर चांगल्या हेतूचा उपयोग नाही, आधी करून ठेवलेल्या व्यवस्थेचा आहे. बहुतेक जण प्राणी आणण्याचा निर्णय एखाद्या बऱ्या दिवशी, उत्साहाच्या भरात घेतात आणि आपण रोज असेच असू, असे गृहीत धरतात. तुम्ही तो निर्णय गेल्या वर्षातला तुमचा सर्वांत वाईट आठवडा समोर ठेवून घ्या.

एक कागद घ्या आणि तो आठवडा आठवून लिहा : दिवसातून किती वेळा उठता आले, दार कोणी उघडले, घरात कोण येऊन गेले, केर किती दिवसांनी निघाला. मग त्याच आठवड्यात एक प्राणी घरात आहे, अशी कल्पना करा. त्याचे पाणी कोणी बदलले? त्याला बाहेर कोणी नेले? त्याची घाण कोणी काढली? तो लंगडत असता तर पशुवैद्यांकडे कोण गेले असते? जेथे ‘मी नाही’ असे उत्तर येईल, तेथे दुसऱ्या एका माणसाचे नाव लिहायचे, आणि त्या माणसाला विचारून, त्याने ‘हो’ म्हटल्यावरच लिहायचे. ‘बघू, होईल काहीतरी’ असे लिहायचे नाही. यजमान आठवड्याचे चार-पाच दिवस बाहेर असतात, तेव्हा त्यांचे एकट्याचे नाव पुरणार नाही. जवळपास राहणारी, एका फोनवर येऊ शकणारी निदान दोन माणसे त्या कागदावर हवीत. असा कागद भरता आला तर तुमच्या वाईट दिवसांत प्राण्याचे हाल होणार नाहीत, आणि त्या निमित्ताने कोणीतरी तुमच्या घरी येऊन तुम्हालाही पाहील. तो भरता आला नाही, तर सध्या प्राणी आणू नये.

आपल्या मनःस्थितीचा प्राण्यावर परिणाम होतो का, हीही शंका तुमच्या मनात असणार. स्वीडनमध्ये 2019 साली कुत्र्यांच्या आणि त्यांना पाळणाऱ्यांच्या केसांतील कॉर्टिसॉल तपासले असता, दीर्घकालीन ताणाची पातळी दोघांत बरोबरीने वरखाली होताना दिसली. म्हणजे कुत्र्याला तुमचा ताण जाणवतो, असे मानायला आधार आहे. परंतु यावरून ‘माझ्यामुळे त्याला त्रास होईल’ अशी गाठ मनाशी मारू नका. खाणे वेळेवर, फिरणे वेळेवर, कोणीतरी प्रेमाने हाक मारणारे आणि न ओरडणारे, एवढे मिळाले तर घरातल्या एका माणसाची उदासी सोसून प्राणी चांगले जगतात.

कुत्र्याच्या पिल्लाविषयी माझे मत स्पष्ट आहे : तुमच्यासाठी पिल्लू नको. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावे लागते, रात्रीसुद्धा. ते पहिले काही दिवस आईच्या आठवणीने रडते, दात शिवशिवतात म्हणून हाताला लागेल ते चावते, आणि त्याच्या लसींची पहिली मालिका जवळजवळ चार महिन्यांचे होईपर्यंत चालते. हे सगळे गोड असले तरी त्यात तुमची झोप मोडणार, आणि नैराश्यातून सावरणाऱ्या माणसाने ज्या एका गोष्टीला सर्वाधिक जपायचे ती झोपच आहे. सलग काही आठवडे मोडलेल्या झोपेने आजार उलटू शकतो. शिवाय पिल्लू मोठे होऊन कोणत्या स्वभावाचे निघेल, हे आधी कळत नाही. दोन-तीन वर्षांच्या पुढच्या प्राण्याचा स्वभाव समोर दिसतो. तो अनोळखी माणसाला भितो की जवळ येतो, एकटा राहू शकतो की नाही, हे त्याला सांभाळणारी माणसे सांगू शकतात.

तुमचे पत्र वाचून मला वाटते की, तुम्हाला शांत स्वभावाची, प्रौढ, निर्बीजीकरण झालेली मांजर अधिक जमेल. तिला फिरायला न्यावे लागत नाही, दिवसाचा बराच वेळ ती झोपते, आणि तिची शौचासाठीची रेतीची पेटी रोज साफ करणे व खाणेपाणी पाहणे ही कामे अशी आहेत की वाईट दिवशीही बहुधा होतील, न झाली तर दुसरे कोणी पाच मिनिटांत करून जाईल. मात्र मांजरीने दोन दिवस खाल्ले नाही तर तिच्या यकृताला गंभीर इजा होऊ शकते. त्यामुळे ‘उद्या पाहू’ तेथे चालत नाही. कुत्राच हवा असेल तर मध्यम वयाचा, मवाळ कुत्रा घ्यावा, पण त्याला रोज दोनदा बाहेर नेण्याची पर्यायी व्यवस्था पक्की झाल्यावरच. कुत्र्याचा एक मोठा फायदा मी नाकारत नाही : त्याच्यामुळे तुम्ही उन्हात चालाल, वाटेत माणसे त्याच्याकडे पाहून थांबतील आणि तुमच्याशीही चार शब्द बोलतील. पोपटासारखे पक्षी मात्र मी सुचवणार नाही. ते फार बुद्धिमान आणि सोबतीचे भुकेले असतात, आणि दुर्लक्ष झाले तर स्वतःचीच पिसे उपटू लागतात. मासे पाहून मन शांत होते, हे खरे. पण टाकीतले पाणी तयार व्हायला काही आठवडे लागतात आणि स्पर्शाची भूक त्यांनी भागत नाही.

एका गोष्टीची तयारी आधीच ठेवा, कारण तिने पुष्कळांना दुखावले आहे. प्रत्येक मांजर मांडीवर येऊन बसतेच, असे नाही. तुम्ही रडत असताना ती जवळ येईलही आणि शेपटी उभी करून दुसऱ्या खोलीत निघूनही जाईल. बऱ्या दिवशी याचे काही वाटत नाही. वाईट दिवशी मात्र ‘मांजरीलासुद्धा मी नको आहे’ हा विचार क्षणात येतो. तो विचार आजाराचा आहे, मांजरीला त्याचा पत्ताही नसतो. तसे वाटले तर ते समुपदेशकांना सांगा, मनात ठेवून घेऊ नका.

विकत किंवा दत्तक घेण्याआधी तात्पुरता सांभाळ करून पाहणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या अनेक संस्थांना, प्राण्याला कायमचे घर मिळेपर्यंत काही आठवडे तो घरी ठेवून घेणारी माणसे हवी असतात. ओळखीचे कोणी गावाला जाणार असेल तर त्यांचा प्राणीही ठेवून घेता येईल. संस्थेला तुमच्या उपचारांची कल्पना द्या, त्यात लाजण्यासारखे काही नाही. सांभाळाच्या काळात निदान एक वाईट दिवस येऊन जाऊ द्या आणि तेव्हा काय झाले ते पाहा. नाही जमले आणि प्राणी परत गेला, तर ते तुमचे अपयश नव्हे, कारण त्यासाठीच तर तात्पुरते ठेवले होते. तुम्हाला मूल्यवान माहिती मिळाली आणि त्या प्राण्याला काही दिवस घर मिळाले.

घरात प्राणी येण्याआधी आपल्या औषधांची जागा बदला. नैराश्यावरील गोळ्या कुत्र्या-मांजरांना विषारी ठरू शकतात आणि व्हेन्लाफॅक्सिनसारख्या काही कॅप्सूलकडे मांजरी विशेष ओढल्या जातात. उशीजवळ किंवा टेबलावर पाकीट उघडे ठेवू नका. प्राण्याचे रेबीजविरोधी लसीकरण आणि जंतनाशक औषध वेळच्या वेळी होऊ द्या. कधी चावले, ओरबाडले तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरात कोणाला दमा असेल तर आधी त्या प्राण्याच्या सहवासात काही तास घालवून पाहा.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाविषयी. मांजर घरात साधारण 12 ते 18 वर्षे जगते, कुत्रा 10 ते 13. म्हणजे तुम्ही आणाल त्या प्राण्याचा शेवट बहुधा तुम्हाला पाहावा लागेल. त्याआधी त्याचे दुखणे काढावे लागेल, आणि आजारी प्राण्याची दीर्घकाळ सेवा करणाऱ्यांमध्ये ताण व नैराश्याची लक्षणे वाढलेली दिसतात, हेही संशोधनात नोंदले गेले आहे. तुम्हाला दुःख होईल, आणि ते मोठे असेल. ‘होणार नाही’ असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही. परंतु दुःख होणे आणि आजार उलटणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुःखात माणूस रडतो, आठवणी काढतो, मध्येच हसतोही, आणि त्याची लाट येते-जाते. दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसभर मन बधिर राहिले, कशातच रस उरला नाही, झोप-भूक बिघडली, ‘माझ्यामुळेच गेला’ हा एकच विचार फिरत राहिला, तर डॉक्टरांकडे जायला हवे. आणि जगणे नको असे एकदा जरी वाटले, तरी, प्राणी असो वा नसो, त्याच दिवशी डॉक्टरांना किंवा घरच्यांना सांगायला हवे.

तुमच्या लहानपणच्या मांजरीविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. अमेरिकेतील अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली अशा दुःखाचे विवेचन केले की, जे होते तर खरे, पण समाज त्याला दुःख म्हणून मान्यता देत नाही : त्यासाठी कोणी भेटायला येत नाही, कोणी कामातून सूट देत नाही, उलट त्याची लाजच वाटायला लावली जाते. पाळीव प्राण्याचा मृत्यू हे त्याचे ठळक उदाहरण आहे. तुमच्या बाबतीत दोन गोष्टी झाल्या. एक तर ती मांजर गेली, आणि दुसरे म्हणजे तिच्यासाठी रडण्याचा तुमचा हक्क काढून घेतला गेला. आज भीती वाटते ती पहिल्या गोष्टीची की दुसरीची, याचा शांतपणे विचार करा. मला तरी वाटते, दुसरीची अधिक असावी. त्या वेळी तुम्ही लहान होतात आणि एकट्या होतात. आज तुमचे रडणे ऐकून घेणारे समुपदेशक आहेत. पुढच्या भेटीत नवीन प्राण्याविषयी बोलण्याआधी त्या जुन्या मांजरीविषयी बोला. तिचे नाव सांगा, ती कशी होती, कोठे झोपायची, ते सांगा. रडू आले तर येऊ द्या.

बहिणीशी मात्र या आठवड्यातच बोला, कारण वाढदिवसाला पिल्लू दारात आले तर ते परत पाठवणे तुम्हाला जड जाईल. तिला सांगा की, पिल्लू नको, पण तुझी मदत हवी आहे : प्राणी पाहायला माझ्याबरोबर ये, त्या कागदावर तुझे नाव लिहू दे आणि माझ्या वाईट दिवसांत एक फोन केला की येऊन त्याचे खाणेपाणी पाहशील, असे मला सांग. ती आणि आणखी कोणीतरी एक ‘हो’ म्हणाले, तुमच्या डॉक्टरांनाही हरकत वाटली नाही, तर एखाद्या प्रौढ मांजरीच्या तात्पुरत्या सांभाळापासून सुरुवात करा. ही जबाबदारी घ्यायला सध्या कोणी पुढे येत नसेल, तर ओळखीत कोणाकडे प्राणी असल्यास आठवड्यातून दोन-तीनदा त्याच्याबरोबर अर्धा-पाऊण तास घालवा, आणि सहा महिन्यांनी तो कागद पुन्हा भरून पाहा.